दोन रोस्तोव, दोन नोवगोरोद : एकाच नावाच्या रशियन गावांची वाट

मॉस्कोच्या कोम्सोमोल्स्काया चौकात तीन मोठी रेल्वे स्टेशनं आहेत. एका बाजूला लेनिनग्राद्स्की आणि यारोस्लाव्स्की, रस्त्यापलीकडे कझान्स्की. यारोस्लाव्स्कीवरून निघालेली गाडी साधारण तीन तासांत रोस्तोवला पोचते. पलीकडच्या कझान्स्कीवरूनही रोस्तोवच्या गाड्या सुटतात, पण ते रोस्तोव दक्षिणेला, डॉन नदीच्या काठी, रात्रभराच्या प्रवासावर. दोन्ही गावांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एकाच नावाची अशी गावं जोडीजोडीनं बघायची, हे मनात धरूनच मी या प्रवासाला निघालो होतो.

सुरुवात रोस्तोवपासून न करता पेरेस्लाव्ल-झालेस्कीपासून केली, आणि तुम्हीही तसंच करा. मॉस्कोहून हे गाव सुमारे १४० किलोमीटर आहे. गावात रेल्वे नाही, पण मॉस्कोहून बस भरपूर आहेत. राजा युरी दोल्गोरुकीनं ११५२ मध्ये हे वसवलं. त्याचं घराणं कीव्हचं. तिकडे दक्षिणेत, आजच्या युक्रेनमध्ये, पेरेयास्लाव नावाचं जुनं शहर त्रुबेझ नदीवर होतं. उत्तरेच्या जंगलात नवं गाव वसलं तेव्हा गावाचं नाव आलंच, नदीचं नावही बरोबर आलं! पेरेस्लाव्लमधून वाहते तीही त्रुबेझ. आजच्या रियाझान शहराचं नावही १७७८ पर्यंत पेरेयास्लाव्ल-रियाझान्स्की होतं आणि तिथंही त्रुबेझ आहेच. मैदानी मुलूख सोडून आलेल्या माणसांनी अनोळखी पाण्याला ओळखीचं नाव दिलं, हे त्या लहानशा नदीच्या काठाकाठानं चालताना फार जवळून जाणवतं. गावातलं पांढऱ्या दगडाचं चर्च त्याच, बाराव्या शतकातल्या पिढीनं बांधलेलं आहे. ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिथून त्याच महामार्गानं ६५ किलोमीटरवर पहिलं रोस्तोव. लोक त्याला रोस्तोव वेलिकी म्हणतात, पण कागदोपत्री नाव नुसतं रोस्तोव आणि स्टेशनचं नाव रोस्तोव-यारोस्लाव्स्की. तिकिटावर हेच नाव दिसायला हवं. बखरींमध्ये या गावाचा उल्लेख ८६२ सालापासून येतो. नेरो तळ्याच्या काठी उभा असलेला क्रेमलिन किल्ल्यासारखा दिसतो खरा, पण तो लढाईसाठी बांधलेला नाही. सतराव्या शतकात मेट्रोपॉलिटन, म्हणजे इथल्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारी, योना सिसोयेविच यांनी आपलं निवासस्थान म्हणून तो उभारला. शेजारच्या घंटाघरातली सर्वात मोठी घंटा २००० पूद, म्हणजे सुमारे ३२ टन वजनाची. १६८८ मध्ये ओतलेल्या या घंटेला योनांच्या वडिलांचं नाव दिलं आहे, सिसोय. ती वाजते तेव्हा आवाज आधी पायांखालच्या जमिनीतून येतो आणि मग कानांत. घंटावादनाची वेळ तिकीट खिडकीवर आधीच विचारून ठेवा आणि त्या बेतानं दिवस आखा.

क्रेमलिन पाहून बरेच प्रवासी परत फिरतात. तसं करू नका, कारण दोन रोस्तोवांना जोडणारा धागा तळ्याच्याच काठी, थोडं पुढे, स्पासो-याकोव्हलेव्स्की मठात आहे. या गावचे मेट्रोपॉलिटन दिमित्री १७०९ मध्ये वारले आणि १७५७ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांचे अवशेष या मठाचं दैवत आहेत. त्यानंतर काही वर्षांतच, १७६१ मध्ये, दक्षिणेत डॉनच्या काठी बांधल्या जाणाऱ्या नव्या किल्ल्याला याच संतांचं नाव दिलं गेलं : रोस्तोवचे संत दिमित्री. पुढे किल्ल्याभोवती वस्ती वाढत गेली, लांबलचक नाव झिजत गेलं आणि उरलं फक्त रोस्तोव. दहा लाखांहून जास्त वस्तीचं ते शहर आपलं नाव तीसेक हजार वस्तीच्या या गावाकडून घेऊन बसलं आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की जोडीतलं जुनं गाव आधी बघावं. रोस्तोव-ना-दोनू मध्ये मुख्य कॅथेड्रलसमोर संत दिमित्रींचा पुतळा आहे. मठ पाहून आलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. शहर मात्र सर्वस्वी वेगळं. १७४९ मध्ये जकात नाक्यापासून सुरू झालेलं हे व्यापारी गाव, मोकळं, गजबजलेलं. ट्रॅक्टरच्या आकाराचं १९३५ सालचं नाट्यगृह इथंच आहे. आणि शहराच्या पूर्व भागात आणखी एक आणलेलं नाव भेटतं, नाखिचेवान. क्रिमियातून १७७९ मध्ये इथं आलेल्या आर्मेनियन लोकांनी कॉकेशसमधल्या जुन्या शहराचं नाव आपल्या वस्तीला दिलं. १९२८ पर्यंत ते वेगळं गाव होतं. तिथल्या गल्ल्यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

हा भाग युद्धक्षेत्राच्या अगदी जवळ आहे, हे विसरू नका. निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. मोबाइल इंटरनेट मध्येच बंद होऊ शकतं, म्हणून नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. मनात शंका असेल तर डॉनचं रोस्तोव सरळ वगळा.

नोवगोरोदांबद्दल थोडक्यात. वोल्खोव नदीवरचं जुनं नोवगोरोद १९९९ पासून अधिकृतपणे वेलिकी नोवगोरोद आहे, पण स्टेशनचं नाव नोवगोरोद-ना-वोल्खोव्ये. अकराव्या शतकातलं सेंट सोफिया कॅथेड्रल आणि बर्चच्या सालीवर कोरलेली पत्रं, या दोन गोष्टींसाठी तरी जायलाच हवं. निझ्नी नोवगोरोद १२२१ सालचं, व्होल्गा आणि ओका यांच्या संगमावरचं. १९३२ ते १९९० या काळात त्याचं नाव गोर्की होतं, जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत ते तसंच सापडेल. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नरला पावसाळा काढणारा रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथंच दोन आठवडे कॉकेशसमधल्या शिरवान राज्याच्या राजदूताची वाट पाहत थांबला होता. जुन्नर ठाऊक असलेल्या माणसानं संगमावर उभं राहून खालची व्होल्गा एकदा बघावीच. निकितिन याच पाण्यावरून पुढे गेला.

शहरांची अशी गत, तर खेड्यांची काय सांगावी! निकोल्स्कोये, पोक्रोव्स्कोये, त्रोइत्स्कोये ही नावं गावातल्या चर्चवरून पडली. अलेक्सांद्रोव्का, मिखाइलोव्का बहुधा माणसांच्या नावावरून, बेरियोझोव्का बर्चच्या झाडांवरून. ही नावं देशभर पसरली आहेत. आपल्याकडे पिंपळगाव म्हटलं की बसवंत का जोगा हे विचारावं लागतं. रशियात ओब्लास्त आणि रायोन, म्हणजे प्रांत आणि तालुका, सांगितल्याशिवाय टॅक्सीवालाही गाडी हलवत नाही. सहा आकडी पोस्टाचा नंबर पत्त्यासोबत लिहून ठेवा. डॉनच्या रोस्तोवचा ३४४ ने सुरू होतो, जुन्या रोस्तोवचा १५२ ने. गाड्यांच्या पाटीवरचा प्रांताचा आकडाही कामाला येतो : रोस्तोव ओब्लास्त ६१, यारोस्लाव्ल ७६. निझ्नी नोवगोरोद ५२ आणि नोवगोरोद ५३ हे मात्र लागोपाठ आहेत, नीट बघा. रोस्तोव ओब्लास्त म्हणजे डॉनचा प्रांत. जुनं रोस्तोव यारोस्लाव्ल ओब्लास्तात येतं.

काही जोड्यांत गफलत महागात पडेल. झेलेझ्नोगोर्स्क दोन आहेत. क्रास्नोयार्स्कजवळचं बंद अणुनगर आहे, तिथं परवानगीशिवाय प्रवेश नाही. ओझ्योर्स्कचंही तसंच, चेल्याबिन्स्क ओब्लास्तातलं बंद आहे. नावापुरत्या हौसेसाठी अशा ठिकाणांच्या वाटेला जाऊ नका.

पैशाचं : रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं २०२२ च्या मार्चपासून तिथं चालत नाहीत. रोख न्या, नोटा कोऱ्या असू द्या. रेल्वेचं तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढता येतं. स्टेशनचं नाव कागदावर रशियन लिपीत लिहून पुढे करा. भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो, मुक्कामाची मुदत अर्ज करताना तपासा. परदेशी पाहुण्याची नोंदणी हॉटेल करतं. तो कागद जपून ठेवा.

आणि टॉलस्टॉयच्या वाचकांसाठी : यास्नाया पोल्याना एकाहून जास्त आहेत. कालिनिनग्राद ओब्लास्तातलं म्हणजे घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जुनं जर्मन ट्राकेनेन, १९४५ नंतर नाव बदललेलं. टॉलस्टॉयचं घर तुला शहराजवळ आहे. मॉस्कोच्या कुर्स्की स्टेशनवरून तुलापर्यंत रेल्वे आणि पुढे बस, एका दिवसात जाऊन येता येतं. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.