तुम्ही विचारलंत म्हणून: तो संग्रह मी घेणार आहे का?

मंडळाच्या गणेशोत्सवात, कार्यालयात जेवणाच्या सुटीत, आणि आता सांगलीहून ताईच्या फोनवरही मला एकच प्रश्न विचारला जातो: त्या गृहस्थांचा कार्डांचा संग्रह तू घेणार आहेस की नाही, आणि घेणार असशील तर या वयात कशासाठी? दर वेळी मी हसून विषय बदलतो, आणि त्यामुळे माझ्याजवळ उत्तर आहे पण ते सांगण्याची मला लाज वाटते, असा समज पसरलेला दिसतो. लाज वाटत नाही. उत्तर लांबलचक आहे, एवढीच अडचण आहे.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काय आहे, हे तुम्हांपैकी बहुतेकांनी माझ्या तोंडून नको तितके ऐकले आहे. ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली अमेरिकेत बाजारात आला, त्याची कार्डे बंद पाकिटांतून विकली जातात आणि पाकिटात काय निघेल हे आधी कळत नाही. 1994 साली मी ओहायोत शिकायला आलो तेव्हा 'रिव्हाइज्ड' ही आवृत्ती दुकानात होती. पांढऱ्या किनारीची, काहीशी फिकट छापलेली ती कार्डे घेऊन आम्ही चौघे वसतिगृहाच्या धुलाईखोलीत खेळत असू, कारण हिवाळ्यात उबदार आणि रात्रभर उघडी अशी तेवढी एकच जागा होती. नोकरी लागल्यावर मी सगळी कार्डे एका धाकट्या विद्यार्थ्याला देऊन टाकली. मुले घराबाहेर पडल्यावर अलीकडे पुन्हा खेळू लागलो, तेव्हा कार्डाची पाठ अजूनही तीच असल्याचे पाहिले. तीस वर्षांपूर्वीचे कार्ड आजच्या कार्डांत मिसळून पिसता येते, हे या खेळाचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे.

आता संग्रहाविषयी. न्यू जर्सीतच, माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या गावी एक निवृत्तीला आलेले सुतार मोठे घर विकून लहान घरात चालले आहेत. त्यांच्या तळघरात पाच हजार कार्डे मावणारे पुठ्ठ्याचे पांढरे खोके आहेत, असे बारा, आणि शिवाय काही बाइंडर. एका कार्डाचे वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे शंभर किलोंहून अधिक कागदाचा हा व्यवहार आहे. सगळे एकत्र घ्यायचे, निवडून घ्यायचे नाही, अशी त्यांची अट आहे. किंमत मी इथे लिहिणार नाही. ती ऐकून पत्नी काही बोलली नाही, आणि न बोलण्याची तिची पद्धत तुम्हाला माहीत आहे.

या खेळाकडे परतणाऱ्या एका मित्राला मी पूर्वी मोठ्या अधिकाराने लिहिले होते की मोठा संग्रह कधीही घेऊ नये. हवी तेवढी कार्डे सुटी घ्यावीत. ते गणित आजही चुकीचे नाही. डेकला, म्हणजे खेळाडू खेळायला घेतो त्या गठ्ठ्याला, लागतात साठ कार्डे. साध्या कार्डांच्या गठ्ठ्याला, ज्याला इथे बल्क म्हणतात, दुकानदार हजाराला चार-पाच डॉलर देतो. स्वतः एकेक कार्ड ऑनलाइन विकायचे तर दलाली आणि टपालखर्च वजा जाता हातात फारसे उरत नाही, आणि साठ हजार कार्डे आवृत्तीनुसार लावण्याची मजुरी तर कोणीच देत नाही. असा संग्रह घेणारा माणूस कार्डांबरोबर एक बिनपगारी नोकरीही विकत घेतो.

या संग्रहाची जवळजवळ सगळी किंमत त्यातल्या चाळीसएक कार्डांत आहे. 1995 साली 'क्रॉनिकल्स' या आवृत्तीत कंपनीने जुनी दुर्मीळ कार्डे पुन्हा छापली, त्यांचे भाव पडले आणि संग्राहक इतके संतापले की 1996 मध्ये कंपनीने काही कार्डे पुन्हा कधीही न छापण्याचे वचन देणारी यादी जाहीर केली. तिला रिझर्व्ह्ड लिस्ट म्हणतात. 'रिव्हाइज्ड'मधील दहाही ड्युअल लँड्स, म्हणजे दोन रंगांची शक्ती देणारी जमिनीची कार्डे, तिच्यात आहेत, आणि त्यातले 'अंडरग्राउंड सी' हे एकच कार्ड आज कित्येकशे डॉलरला जाते. हे सगळे भाव एका कंपनीच्या शब्दावर उभे आहेत. 2022 साली तिने त्या यादीतली कार्डेही वेगळ्या पाठीनिशी, अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत अशी छापली आणि चार पाकिटांचे 999 डॉलर मागितले. वचन अक्षरशः पाळले गेले, पण त्यातले काय उरले हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या शब्दावर उभी असलेली वस्तू घेऊ नये, असे आमचे वडील म्हणत. त्यांची सारी पुंजी मुदत ठेवींत होती, हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही.

खरी गोम अशी की मला ती चाळीस कार्डे नकोच आहेत. मला हवी आहेत 'लाइटनिंग बोल्ट', 'डार्क रिचुअल', 'जायंट ग्रोथ' यांच्यासारखी साधी कार्डे, आणि त्यांच्याहूनही निरुपयोगी अशी शेकडो, ज्यांची नावे आज कोणी घेत नाही. म्हणजे जे नको त्याचे पैसे मोजायचे आणि जे हवे ते त्यावर फुकट मिळवायचे, असा हा सौदा आहे. मग तीच कार्डे सुटी का मागवत नाही, असे तुम्ही विचाराल. मागवली होती. चारपाच दिवसांत टपालाने नीट आली आणि मी ती ठेवून दिली. धुलाईखोलीत आम्ही काही निवडत नव्हतो. पाकिटातून जे निघे त्यातूनच डेक बांधत असू, आणि नको ते कार्ड हाती आले की त्याचा काहीतरी उपयोग शोधून काढत असू. न लावलेल्या बारा खोक्यांत ते पुन्हा करता येईल, असे मला वाटते. यावर पैसे खर्च करावेत का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी टाळतो आहे, हेही मला कळते.

आता त्या दुपारविषयी. तिच्याबद्दल मी कोणाला नीट सांगितलेले नाही.

तळघरातल्या टेबलावर भिंग, दिवा आणि वही घेऊन मी बाइंडर तपासत होतो आणि ते गृहस्थ समोर बसून कोणते कार्ड कसे मिळाले ते सांगत होते. शेवटच्या काळ्या बाइंडरमध्ये तीन 'अंडरग्राउंड सी' होती. पहिले ठीक होते. दुसऱ्यावर भिंग धरले तेव्हा मजकुराची काळी अक्षरे सलग दिसेनात, ती बारीक ठिपक्यांची बनलेली होती. अस्सल कार्डात काळी शाई स्वतंत्र छापलेली असल्यामुळे अक्षर भरीव दिसते. पाठीवरच्या हिरव्या वर्तुळात इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले चार लाल बिंदू असायला हवेत. ते नव्हते. त्याच आवृत्तीचे दोन पैशांचे कार्ड शेजारी ठेवून मी दोन्ही दिव्यासमोर धरली. साध्या कार्डातून निळसर उजेड आला, महागड्यातून वेगळाच. तिसरेही तसेच निघाले.

मी बराच वेळ बोललो नाही, आणि त्यावरूनच त्यांना कळले. त्यांनी भिंग मागून घेतले, स्वतः पाहिले आणि सांगितले की ही दोन्ही त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून, कुठूनतरी ऑनलाइन घेऊन, वाढदिवसाला दिली होती. मग ती दोन्ही त्यांनी खिशात ठेवली, किमतीतून त्यांची रक्कम स्वतःहून वजा केली आणि याविषयी वर काही बोलू नका, असे सांगितले. मुलगा सामान बांधायला आलेला होता. तो थोड्या वेळाने कॉफी घेऊन खाली आला आणि त्याने उत्साहाने विचारले, "सी पाहिलीत का?" मी म्हणालो, "पाहिली. फार जपून ठेवली आहेत." यात खोटे काही नव्हते. तरीही परतताना गाडीत मी ते वाक्य स्वतःलाच पुन्हा पुन्हा समजावून देत होतो.

त्या दिवसापासून गणित माझ्या बाजूने आहे. उरलेल्या कार्डांसाठी ते मागतात ती रक्कम बाजारभावाच्या निम्म्याहून कमी भरते, आणि दुकानदारसुद्धा निम्म्याच्या आसपास देतो. पैशाचाच विचार असता तर मी त्याच दिवशी धनादेश लिहिला असता. पण आता मी घासाघीस करू शकत नाही. शिवाय मी नाही म्हटले तर पुढचा ग्राहक येईल आणि एक 'सी' दिसल्यावर बाकीची कुठे आहेत असे मुलासमोरच विचारेल, ही शंका मला सोडत नाही. एखाद्याची लाज राखण्यासाठी शंभर किलो कागद घरी आणणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, असे माझे एक मन म्हणते. मित्राला पत्र लिहिणारा मी त्याच मनाच्या बाजूचा होतो. दुसरे मन म्हणते की हे कारण मी मुद्दाम फुगवतो आहे, कारण मला ती कार्डे हवी आहेत आणि नुसते हवी आहेत असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही.

त्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवे आहे. ताई, तळघराची पश्चिमेकडची भिंत मी मोजून ठेवली आहे. दोन थरांत बारा खोके तिथे बसतात आणि पाणी तापवण्याच्या टाकीपासून पुरेसे लांबही राहतात. यावरून माझा होकार गृहीत धरू नकोस, आणि पत्नीलाही तसे सांगू नकोस.