आबाजींची दुनळी आणि तीन का आठ

आबाजी गेले त्याला आता दोन वर्षं होतील. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरं यायची म्हणून त्यांनी एक जुनी विलायती बारा बोअरची दुनळी ठेवली होती, रीतसर लायसन्सवाली. आजी सांगते की तिनं एकही डुक्कर मेलं नाही, आवाजानंच पळायची. आता लायसन्सवाला माणूस गेला की बंदूक तशीच घरी ठेवता येत नाही, आर्म्स ॲक्टचं कलम 21 आहे, ठाण्यात नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करावी लागते. तर बाबांनी नागपुरातल्या एका डीलरकडे नेऊन दिली आणि वारस म्हणून आपल्या नावानं लायसन्सचा अर्ज टाकला.

डीलरकाकांनी बंदूक उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाऊ, हा तीन आहे का आठ?"

ट्रिगर गार्डवरच्या नंबराचा शेवटचा आकडा घासून गेला होता. कशानं ते आम्हाला बरोबर माहीत होतं, दर पावसाळ्यानंतर गंज चढायचा आणि आबाजी अंगणात बसून पॉलिश पेपरनं घासघास घासायचे, वर्षानुवर्षं. लायसन्सच्या बुकात तीन होता.

मला वाटलं एका आकड्यानं काय होते. रात्री कलम 8 वाचलं आणि झोप उडाली ना बापा! नंबर खोडणं, बदलणं गुन्हा, हे समजू शकते. बनवणाऱ्याचं नाव, नंबर नसलेली बंदूक विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, तेही ठीक. पण पुढं लिहिलंय की ज्याच्याजवळ अशी बंदूक सापडेल त्यानंच नंबर खोडला असं धरून चालायचं, नाही खोडला हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे पॉलिश पेपर आबाजींचा आणि फास बाबांच्या गळ्यात. आधीपासूनच्या बिननंबरी बंदुकांनाही यातून फक्त एका वर्षाची सूट होती, आणि कायदा लागू झाला 1 ऑक्टोबर 1962 ला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच ती संपली. अमेरिकेत उलटं आहे, तिथं 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनं सगळ्या कंपन्यांना नंबर सक्तीचा केला, त्याआधीच्या बिननंबरी पॉइंट टू टू रायफली त्यांच्या केंद्राच्या कायद्याला आजही चालतात. खोडलेला नंबर मात्र तिथंही गुन्हाच.

माझा एक वकील दोस्त आहे, त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "काहून टेन्शन घेऊन रायला बे, घासल्यानं नंबर जात नसते." त्याचं म्हणणं असं की ठोकून मारलेल्या आकड्याखालचं लोखंड खोलवर दबलेलं असते, वरचं घासलं तरी ॲसिडवालं केमिकल लावलं की दबलेला भाग वेगळा दिसतो आणि आकडा पुन्हा वर येतो. आपल्या नागपूरलाच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, पण तिथं आपलं प्रकरण जाणं म्हणजे आधी केस होणं, आणि बाबांचा बीपी तर तेवढं ऐकूनच वाढला.

शेवटी डीलरकाकांनीच सोडवलं. नळीखालचा लाकडी तुकडा काढला, बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या आणि नळ्यांच्या खालची सपाट बाजू टॉर्चखाली धरली. तिथं पूर्ण नंबर, आठ एकदम कोरा करकरीत! लाकडी तुकड्याच्या लोखंडावरही तोच. आबाजींचा पेपर तिथवर कधी पोचलाच नव्हता. जुन्या दुनळीला असे दोनतीन जागी नंबर असतात हे आम्हाला कुठं माहीत.

मग बुकातला तीन कुठून आला? कोण्या जमान्यात कोण्या बाबूनं नक्कल करताना उतरवला असेल आणि नंतर प्रत्येक रिन्युअलला तोच पुढं चालत राहिला, बंदूक कोणी बघितलीच नाही. दुरुस्तीसाठी अर्ज, फोटो, डीलरचं पत्र, ॲफिडेविट आणि सात चकरा. ऑफिसचं नाव घेत नाही, पुढं रिन्युअलला तिथंच जायचंय.

आता निवडणूक आली की जमा करायचा निरोप येतो. बाबा बंदुकीसोबत टॉर्च आणि भिंग घेऊनच ठाण्यात जातात, आणि हवालदारानं नंबर लिहून घेतला की स्वतः एकदा मोठ्यानं वाचून दाखवतात.