पिंपरीचं पेनिसिलिन

दुसरं महायुद्ध म्हटलं की अणुबॉम्ब आठवतो. मला पेनिसिलिन आठवतं. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञांना पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा जंतू मारण्याचा गुण १९२८ मध्येच दिसला होता, पण हे औषध टाक्याच्या टाक्या भरून निघू लागलं जखमी सैनिकांसाठी, अमेरिकेत. मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी त्या बुरशीला चांगलंच मानवलं!

युद्धानंतर जन्मलेल्या युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी कारखाना, नवं स्वातंत्र्य. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झालं. आजोबा तिथेच नोकरीला होते.

आजीचा थोरला भाऊ न्यूमोनियाने गेला. शेक, काढे आणि देवाचा धावा, दुसरं होतं काय? पुढे काकांना लहानपणी तेच दुखणं झालं. डॉक्टरांनी कुपीत पाणी सोडलं, पांढरी भुकटी विरघळेपर्यंत ती हलवली आणि उकळून घेतलेल्या काचेच्या सिरिंजमध्ये औषध ओढलं. काका परवाच नातवाच्या मुंजीत पंगतीत वाढत होते.

पिंपरी-चिंचवडची ओळख सांगताना लोक गाड्यांच्या कारखान्यांपासून सुरुवात करतात. ती पेनिसिलिनपासून व्हायला हवी.