मशीनवर शून्य होतं

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभा राहून जे बोललो ते खोटं नव्हतं. तरी त्या बोलण्याने एका माणसाचं नाव गावात खराब झालं, आणि दोनच दिवसांनी माझ्याच मशीनने मला ते दाखवून दिलं. २०२४ ची गोष्ट. अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी शहादा तालुक्यात बँक मित्र आहे, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच लोकांना पैसे काढून देणारा. देशातला पहिला आधार क्रमांक ज्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला, ते गाव आमच्याच तालुक्यातलं. लोकांना वाटतं, आमच्याकडे बँकेचे पैसे असतात. नसतात. बाईने माझ्या मशीनवर अंगठा लावून तीन हजार काढले की तिच्या खात्यातले तीन हजार माझ्या वॉलेटला येतात आणि तिच्या हातावर मी माझ्या गल्ल्यातल्या नोटा ठेवतो. गल्ला संपला की काम थांबलं. त्या आठवड्यात लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये पडत होते, सोमवारी राखी होती, आणि मी खताच्या दुकानातून, किराणावाल्याकडून रोख उचलून आणत होतो.

अंगठा उमटवण्यात मात्र माझा हात बसलाय. निंदणीच्या दिवसांत बायकांची बोटं हिरवी पडलेली, चिरलेली असतात. आधी ओल्या फडक्याने पुसायचं, मग पूर्ण कोरडं करायचं. फारच रुक्ष असेल तर बोट कपाळावर घासायला सांगायचं, तेवढा तेलकटपणा पुरतो. अंगठा दोनदा नाकारला गेला की तिसऱ्यांदा दाबत बसायचं नाही, अनामिका घ्यायची. ती कामात कमी झिजलेली असते. माझ्याकडून बोट उमटलं नाही म्हणून क्वचितच कोणी परत गेलं असेल.

जिची ही गोष्ट, ती मावशी बोट न उमटणाऱ्यांतली नव्हती. तिचा अंगठा पहिल्याच वेळी लागायचा. फेब्रुवारी ते मे ती रोजगार हमीच्या कामावर होती, बांधबंदिस्तीवर. त्याआधीची, डिसेंबरपर्यंतची मजुरी तिच्या जनधन खात्यात बरोबर आली होती. त्यानंतर काहीच नाही. माझ्याकडे ती तीनदा येऊन गेली, तिन्ही वेळा मी शिल्लक पाहिली आणि म्हणालो, "मावशी, नाही आले." रोजगार हमीची हजेरी ठेवणारा गावचा रोजगार सेवक मोबाइलवर दाखवायचा की पैसे जमा झालेत. कोणाचा विश्वास बसला नाही. १५ ऑगस्टला तिने भर सभेत त्याला विचारलं, "माझी मजुरी कुठं गेली?" सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगितलं, "माझ्या मशीनवर शून्य आहे." पुढचं गावाने बोलायला घेतलं. खाल्ले, खाल्ले. तो मान खाली घालून बसला. मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

शनिवारी, १७ तारखेला, ती लाडकी बहिणीचे पैसे बघायला आली. पुन्हा शून्य. रांगेत मागे एक कॉलेजची मुलगी होती. तिचे पैसे भलत्याच बँकेत गेले होते, ते तिने आधारच्या साइटवर शोधून काढलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

सरकारचा पैसा आधारवर येतो तेव्हा तो पासबुकावरच्या खात्यात जातोच असं नाही. बँकांमधले व्यवहार जोडणारी जी एनपीसीआय संस्था आहे, तिच्या नोंदीत एका आधारासमोर एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. रोजगार हमीची मजुरी आधी खाते क्रमांकावरही यायची. १ जानेवारी २०२४ पासून ती आधारवरच देणं सक्तीचं झालं. डिसेंबरनंतर पैसे का थांबले, याचं उत्तर एवढ्यात होतं. मला हे नियम पाठ होते. पण पूर्वी याच खात्यात मजुरी आली होती, म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही.

बँकेचं नाव कळायला ओटीपी लागतो. तो तिच्या मुलाच्या फोनवर, आणि मुलगा सुरतेला लूमवर. पहिल्या वेळी त्याने आकडे सांगेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा लागला. नाव आलं एका पेमेंट्स बँकेचं, म्हणजे मोबाइलवरून चालणाऱ्या छोट्या बँकेचं. मावशीने ते कधी ऐकलेलंही नव्हतं. मग तिला आठवलं: सात वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत छत्रीखाली बसलेल्या पोराकडून तिने सिम घेतलं होतं. "त्यानं दोनदा अंगठा घेतला होता, दादा." दुसऱ्या अंगठ्यावर तिच्या नावाचं खातं उघडलं गेलं असणार.

यादीतून ती बँक निवडली, अंगठा घेतला. शिल्लक ११,१४० रुपये.

मिनी स्टेटमेंटची, म्हणजे शेवटच्या काही व्यवहारांची, पट्टी निघत राहिली. ३,०००. दोन वेळा १,७८२. दोन वेळा १,६३८. खाली गॅसच्या सबसिडीचे तीनशे, दोनशे, दोनशे. सबसिडी येतच नाही असं समजून तिने सिलिंडर भरणं कधीच बंद केलं होतं. चुलीवर रांधत होती. मी एकेक आकडा वाचून दाखवला. तिने पैशांबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "म्हणजे त्यानं नाही खाल्ले?"

गल्ल्यात सहा हजार होते, ते तिला दिले. बाकीचे सोमवारी.

ज्या कंपनीचं मशीन आणि ॲप मी वापरतो, तिच्याबद्दल मनात राग आहे. आदल्या वर्षी कंपनीचे लोक गुंतवणूकदारांना घेऊन माझ्या दुकानात आले होते. चांगली माणसं, त्यांतल्या एकाने केनियाच्या एम-पेसाबद्दल सांगितलं. २००७ पासून तिथं साध्या फोनवरून पैसे जातात, आणि इथं तर फोनही लागत नाही, नुसता अंगठा, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं. दिवसाला व्यवहार किती, एका बाईमागे किती, सगळं लिहून घेतलं. रिकाम्या हाताने किती परत जातात हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर ॲपमध्ये विमा आला, सोनं आलं, कर्ज आलं. "तुमचं आधार सध्या अमुक बँकेला जोडलेलं आहे" ही एक ओळ आली नाही. खात्यात पैसे नसले की मशीन शून्य दाखवतं, आणि तो शून्य फक्त मी निवडलेल्या बँकेचा असतो. हे समोरच्या बाईला कोण सांगणार? ते काम माझं होतं.

संध्याकाळी पट्टी घेऊन रोजगार सेवकाच्या घरी गेलो. त्याने हजेरीपट काढला आणि ओट्यावरच्या दिव्याखाली एकेक तारीख लावून पाहिली. चारही मस्टर जुळली. त्याने पट्टीची घडी केली, मला परत दिली. "दादा, मी दाखवलं होतं ना सगळ्यांना," एवढंच बोलला. मी माफी मागितली. मग तो म्हणाला, "माझ्या घरात येऊन नको. तिथं सांग."

आता रिकामं खातं दिसलं की मी आधी ओटीपी मागवतो. रांग खोळंबते, लोक चिडतात. मावशीचं आधार पुन्हा जनधन खात्याला जोडून घेतलं; बँकेच्या तीन खेपा झाल्या.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभा राहून सगळं सांगितलं, पट्टी वाचून दाखवली. मावशी माझ्या शेजारी उभी होती. १५ ऑगस्टला शाळेचं पटांगण भरलेलं होतं. त्या दिवशी समोर तीस-पस्तीस माणसं होती.