आर्डुपायलटच्या हेलीला हातभार लावायचाय? आधी पिच गेज घ्या

आर्डुपायलट म्हणजे ड्रोन आपोआप सांभाळून उडवणारं, स्वयंसेवकांनी चालवलेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्यावर क्वाड (चार पंख्यांचं ड्रोन) उडवणारे ढीगभर आहेत. एक मुख्य रोटर आणि एक शेपटीचा रोटर असलेलं हेलिकॉप्टर, म्हणजे तिकडच्या बोलीत 'ट्रॅड हेली', उडवणारे त्या मानाने मोजकेच. म्हणून सी प्लस प्लस (त्याच्या कोडची भाषा) न येणाऱ्यालाही इथे भरपूर काम आहे. फक्त हेलीत एकच लक्षण तीन ठिकाणांहून येतं: ढिली बॉल लिंक (पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्यांचा सांधा), चुकलेलं सेटिंग किंवा कोडमधला खरा दोष. पहिल्या दोन शक्यता न तपासता 'बग आहे' म्हणून कळवलं, की दुसऱ्या कुणा स्वयंसेवकाची संध्याकाळ फुकट जाते.

सेटिंगमध्ये फ्रेम क्लास (यानाचा प्रकार) ६, म्हणजे हेली, ठेवून रीबूट करा. मोटरच्या तारा सोडवा, मगच सर्व्होंच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींच्या) मॅन्युअल सेटिंगला हात घाला. ६०० आकाराच्या हेलीचा रोटर साधारण १.३५ मीटर व्यासाचा असतो. १८०० आरपीएमला पात्याचं टोक ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जातं. तारा सोडवायचा कंटाळा करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा एकत्र बदलणारा कोन) मधोमध असताना सर्व्होचे आर्म लिंकशी काटकोनात हवेत. त्यानंतर पिच गेज (पात्याचा कोन मोजायचं साधन) लावून मोजा: साध्या, कसरती नसलेल्या उड्डाणाला उणे २ ते अधिक १० अंश पुरतात. पाती सममित असतील तर शून्य अंशाला उचल शून्य असते. असममित पात्यांना त्यासाठी थोडा उणे कोन लागतो, आणि तो वेगळा भरावा लागतो.

हे आकडे अंदाजाने भरले तर काय होतं? यान जमिनीवर आहे की हवेत, हे ठरवताना कोड कलेक्टिव्हही बघतो. आकडे चुकले तर जमिनीवरच्या हेलीला तो हवेतली समजू शकतो. स्किड टेकलेले असताना हेली कलू शकत नाही, पण कंट्रोलरचा आय-टर्म (साचत जाणारी दुरुस्ती) चूक साठवत राहतो. उचलताक्षणी ती साठवण बाहेर पडते आणि हेली आडवी. असा अपघात बऱ्याचदा 'कोडचा' म्हणून कळवला जातो.

रोटर पूर्ण वेगावर यायला दिलेला रन-अप वेळ रॅम्पच्या (मोटरची शक्ती हळूहळू वाढवण्याच्या) वेळेपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर हेली 'आर्म', म्हणजे उड्डाणासाठी सज्जच, होणार नाही. ट्यूनिंगमध्ये रोल-पिचला (बाजूला व पुढे-मागे कलण्याला) फीड-फॉरवर्ड, म्हणजे चूक घडण्याची वाट न बघता हुकमानुसार थेट दिलेला हिस्सा, आधी. क्वाडच्या सवयीने पी (चुकीच्या प्रमाणातली दुरुस्ती) वाढवत बसू नका.

आता लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंदवलेली माहिती. त्यात कंपनाची नोंद प्रथम उघडा. ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर ठीक, ६० च्या वर गेली तर बाकी काही वाचण्यात अर्थ नाही. आरपीएम सेन्सर असेल तर जास्त कळतं: १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ, दोन पात्यांमुळे ५० हर्ट्झलाही शिखर दिसतं. नॉच फिल्टर (ठरावीक कंपन गाळणारा) याच आकड्यांवर बसवायचा. कळवताना बिन फाइल (लॉगची फाइल), पॅरामीटरची (सेटिंग्जची) फाइल, फर्मवेअरची नेमकी आवृत्ती, पात्यांची लांबी आणि हेडस्पीड (मुख्य रोटरचा वेग) द्या. फक्त व्हिडिओ पाठवून उपयोग नाही.

कोड लिहिणाऱ्यांनी बदल आधी सिम्युलेटरमध्ये हेली फ्रेम निवडून चालवावा. सिम्युलेटरला बॉल लिंकचा ढिलेपणा माहीत नसतो, पण मोड बदलताना कलेक्टिव्ह उसळतं का, ते तिथे नक्की दिसतं. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ कोडात घेण्याच्या विनंतीत) एकच विषय. दोन लायब्ररी (कोडचे स्वतंत्र भाग) बदलल्या तर दोन कमिट (बदलांच्या नोंदी), प्रत्येकाच्या सुरुवातीला लायब्ररीचं नाव. मास्टर (मुख्य शाखा) पुढे गेला तर रिबेस करा, म्हणजे आपले बदल त्याच्या ताज्या टोकावर पुन्हा बसवा; दोन शाखा जोडणारी मर्ज कमिट नको. वर्णनात 'उडवून पाहिलं' एवढंच लिहू नका. कोणत्या मोडमध्ये, किती वाऱ्यात, ते लिहा आणि आधीचा व नंतरचा असे दोन लॉग जोडा. हेली बाळगणारे तपासनीस थोडेच असल्याने रिक्वेस्ट बराच काळ पडून राहू शकते. तेवढ्यात दुसऱ्याची एखादी रिक्वेस्ट आपल्या हेलीवर उडवून तिचा लॉग दिलात, तर रांग खरोखर पुढे सरकते. अशा परक्या कोडच्या पहिल्या उड्डाणाला स्टॅबिलाइझ मोड (हाताने उडवायचा, फक्त तोल सांभाळणारा), मोकळं मैदान आणि मोटर इंटरलॉकच्या (मोटर बंद करणाऱ्या) स्विचवर बोट.