म्युझिकच्या तासाला हायडन

स्मरणिकेसाठी लिहा असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तर सहल, गॅदरिंग, पीटीचे सर सगळं आधीच बुक झालेलं, म्हणून मी म्युझिकचा तास घेतला. आमचे म्युझिकचे सर गोव्याचे, तिकडे चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकून मुंबईत आलेले, आणि परीक्षेला न येणारा हा विषय इतका जीव तोडून शिकवायचे की मागचे बाकही गप्प बसायचे (बऱ्यापैकी).

बरोक, क्लासिकल, रोमँटिक हे पाश्चात्त्य संगीताचे काळ त्यांनी सनावळीने शिकवलेच नाहीत. प्रत्येक संगीतकाराबद्दल त्यांचा प्रश्न एकच, "ह्याला पगार कोण देतंय?" बाख 1723 पासून 1750 मध्ये जाईपर्यंत लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेच्या नोकरीत, म्हणजे मास्तरच, वर रविवारी चर्चला कॅन्टाटा (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) हवाच, सुरुवातीला तर जवळजवळ दर आठवड्याला नवा.

हायडन मात्र एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी, अंगावर त्यांचा गणवेश. 1772 ला प्रिन्सने उन्हाळी महालातला मुक्काम लांबवला, वादकांची बायकापोरं तिकडे घरी, आयझेनश्टाट गावाला, आणि मालकाला सांगणार कोण? मग हायडनने 45 नंबरच्या सिंफनीचा शेवट असा केला की एकेक वादक आपलं वाजवून झालं की मेणबत्ती विझवून चालू लागतो, उरतात फक्त दोन व्हायोलिन. सरांनी रेकॉर्ड लावून आम्हाला एकेक वाद्य वाटून दिलं, आपलं वाद्य थांबलं की दप्तर उचलायचं आणि बाहेर. मी हॉर्न, त्यामुळे पहिल्याच फटक्यात सुटलो आणि खिडकीतून बघत बसलो. आत दोन मुली आणि डोळे मिटलेले सर एवढेच उरले आणि नेमके तेव्हाच हेडसर राउंडला आले. प्रिन्सने म्हणे दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घरी सोडलं, आम्हाला डायरीत रिमार्क मिळाला.

व्हिएन्नातला बेथोव्हेन कुणाचा नोकर नव्हता, सरदारांचे पैसे घ्यायचा पण ऐकायचा स्वतःचंच, त्याची 'एरोइका' सिंफनी एकटीच पाऊण तास खाते. शोपँ, ब्राह्म्स सर भराभर उरकायचे, वॅग्नर त्यांना झेपायचा नाही आणि विसावं शतक "कॉलेजात ऐका" म्हणून सोडून दिलं.

ऐकलं की. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले, 1913 ला पॅरिसमध्ये पहिल्याच प्रयोगाला थिएटरात राडा झाला ते. सुरुवातीचा बॅसून (एरवी खर्जात वाजणारं फुंकवाद्य) इतका वरच्या पट्टीत की तो बॅसून आहे हेच कळत नाही. इथे पगार देणारा द्यागिलेव्ह, बॅले कंपनीचा मालक, आणि राडा झाल्याचं त्याला फार वाईट वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.