लेनिनग्राड, २ सप्टेंबर १९३७

२ सप्टेंबर, रात्र

क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांना, म्हणजे चट्टोंना, १९३७ साली सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडमध्ये गोळी घातली, तो आजचा दिवस. सरोजिनी नायडूंचे हे भाऊ. इंग्रजांचे हेर युरोपभर त्यांच्या मागावर होते, त्यांच्या हाती ते कधी लागले नाहीत. मारलं ते ज्यांच्याकडे आसऱ्याला गेले त्या सोव्हिएत सत्तेनेच. अबनी मुखर्जी तर १९२० साली ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांपैकी. त्यांनाही त्याच वर्षी संपवलं.

संध्याकाळी भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, कम्युनिझम आला की दडपशाही येतेच का गं?" मी ताडकन "नाही" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर आबांसाठी होतं. आबा गिरणीच्या साचेखात्यातले, लाल बावट्याचे. त्या बावट्यामुळेच आम्ही शिकलो, हे मी कधी विसरणार नाही.

पुरावा म्हणून मी केरळ सांगितलं. १९५७ साली कम्युनिस्ट नेते नंबूद्रीपाद मतपेटीतून सत्तेवर आले, १९५९ साली केंद्राने त्यांचं सरकार बरखास्त केलं, १९६० ला पक्ष हरला, १९६७ ला ते पुन्हा निवडून आले. खरं आहे. पण फोन ठेवल्यावर वाटलं, तिथे लष्कर, न्यायालय, निवडणूक यातलं काहीच त्यांच्या मुठीत नव्हतं. केरळने राज्यघटनेचं बळ दाखवलं. सगळी सत्ता हाती आल्यावर पक्ष काय करतो, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

ते रशियात बघावं लागतं. १९१७ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांना, मतांचा जेमतेम चौथा हिस्सा मिळाला. जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी ती निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीत गुंडाळली. चेका, त्यांची गुप्त पोलीस यंत्रणा, त्याआधीच उभी राहिली होती. यादवी होती, परकी फौजा होत्या, दुष्काळ होता, हे मी नाकारत नाही. पण यादवी जिंकत आल्यावर तरी? मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविक तळावरच्या खलाशांनी, क्रांतीच्या बिनीच्या शिलेदारांनी, सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या मंडळांच्या, निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या म्हटलं. बोल्शेविकांची लाल सेना गोठलेल्या समुद्रावरून त्यांच्यावर चालून गेली. त्याच महिन्यात पक्षाच्या आत गट करायलाही बंदी आली. स्टालिन तेव्हा सरचिटणीससुद्धा झाला नव्हता. सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारून आपण फार वर्षं स्वतःची समजूत घातली.

आणि आबांची एक गोष्ट आठवते. संपानंतर मालकाने त्यांना काढलं, तर दोन महिन्यांत ते दुसऱ्या गिरणीत लागले. तोवर वाण्याने उधारी दिली, युनियनने वकील दिला. चट्टोंच्या लेनिनग्राडमध्ये नोकरी देणारा, खोली देणारा, रेशन देणारा, वर्तमानपत्र छापणारा आणि निकाल देणारा एकच होता. तो रुसला की माणसाने जायचं कुठे? समता मागण्यात पाप नाही. ती देण्याचं काम ज्याला कुणी हटवू शकत नाही अशा एकाच पक्षाकडे सोपवलं, की चट्टोंसारख्यांचा बळी ठरलेलाच.

चट्टोंची बहीण सुहासिनी इथे मुंबईत याच चळवळीत राबत होती. तिच्या निष्ठेला मी नावं ठेवणार नाही.

उद्या भाचीला फोन करायचा. "येतेच"मधला "च" एकपक्षीय राजवटींपुरता मला मान्य आहे, हे सांगायचं. आबा असते तर ताटावरून उठून गेले असते. तरी त्यांच्यासमोरही हेच म्हटलं असतं.